अंगावर काढलेला ताप

मार्च 2020 मध्ये कुणालाही फोन लावला की रिंग वाजण्याआधी खोकला ऐकू यायचा. कोरोनाबद्दल सरकारने बसवलेल्या त्या सूचनेची सुरुवातच खोकल्याने होती. मग हात धुवा, अंतर ठेवा, ताप-खोकला असेल तर हेल्पलाइनला कळवा. पंधरा दिवसांत लोक एक गोष्ट पक्की शिकले, चारचौघांत खोकायचं नाही. रेशनच्या रांगेत, बँकेत, सोसायटीच्या जिन्यात उबळ आली की माणसं तोंड दाबून ती गिळायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण आवाज बाहेर येऊ द्यायची नाहीत. पुढे त्याच सूचनेत, आपल्याला आजाराशी लढायचं आहे, आजारी माणसाशी नाही, असं वाक्य घालावं लागलं. तोवर घरोघरी ताप लपवायला सुरुवात झाली होती.

त्या सगळ्या काळात डॉक्टर, पुढारी, वाहिन्या, शेजारी, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: घाबरू नका, काळजी घ्या. ते चांगल्या मनाने म्हटलं जात होतं, आणि तरीही ते निरुपयोगी होतं असं माझं ठाम मत आहे. रात्री अकरा वाजता अंगात कणकण आहे, घसा खवखवतोय, थर्मामीटर 99.8 दाखवतोय, अशा माणसाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. आकडा किती झाला की हालचाल करायची? फोन कुणाला करायचा? आणि फोन केल्यावर माझं, घरच्यांचं, माझ्या रोजीचं काय होणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाकडे होतं, लोकांपर्यंत ते अर्धवट पोचलं. दुसऱ्याचं उत्तर काही शहरांनी उभं केलं, उशिरा का होईना. तिसऱ्याचं उत्तर द्यायला कुणी पुढे आलं नाही, आणि लोक सगळ्यात जास्त घाबरले ते तिसऱ्याला.

"कोरोनाने नाही, भीतीनेच माणसं गेली," असं अजूनही बोललं जातं. ते खरं नाही. माणसं न्यूमोनियाने गेली, रक्तातला ऑक्सिजन उतरल्याने गेली. भीतीने वेळ खाल्ला. या आजाराला स्वतःचं घड्याळ होतं. लक्षणं सुरू झाल्यापासूनचे पहिले चार-पाच दिवस बहुतेकांना फ्लूसारखे जायचे. ज्यांचं बिघडायचं त्यांचं साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडायचं. ताप अंगावर काढणाऱ्याला आपला पहिला दिवस कोणता हेच नीट सांगता यायचं नाही, आणि तो दवाखान्यात पोचायचा तेव्हा धाप लागलेली असायची. ज्याला भीतीने झोप नव्हती तो दुसऱ्याच दिवशी छातीचा स्कॅन काढून यायचा, रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून सुटकेचा श्वास सोडायचा, आणि खरी नजर ठेवायची त्या सातव्या-आठव्या दिवशी बेसावध असायचा. लपवणारा आणि धावणारा, दोघांची अडचण एकच होती. केव्हा काय बघायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

लपवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिची कारणंही तितकीच जुनी आहेत. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. हॉस्पिटलात नेलेला माणूस परत येत नाही अशी धास्ती शहरभर पसरली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घरं तपासली, रुग्णाला हॉस्पिटलात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कँपात धाडलं, सामान जाळलं. लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यूही लपवू लागले. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याआधी घराघरांत चाललेली ही लपवाछपवी मात्र फारशी कुणी सांगत नाही. त्याच साथीत पुण्याबाहेर यशवंतराव फुल्यांचा दवाखाना होता. सावित्रीबाई रुग्णांना स्वतः तिथे आणत होत्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. रोग तोच, शहर तेच. एका दारापासून लोक पळत होते आणि दुसऱ्या दारात आणले जात होते, कारण दुसऱ्या दारात आपलं माणूस उभं होतं.

13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रात लागू झाला तो हाच 1897 चा कायदा. मुंबईतले सुरुवातीचे रुग्ण गेले ते कस्तुरबा हॉस्पिटलात, म्हणजे पूर्वीच्या आर्थर रोड हॉस्पिटलातच. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. शिक्का दिसला म्हणून सहप्रवाशांनी ओरड केली आणि माणसांना रेल्वेतून उतरवलं गेलं. मग गल्लीच्या तोंडाला पत्रे आणि बांबू, दारावर कागद, सायरन वाजवत आलेली रुग्णवाहिका, आणि पीपीई किट घातलेल्या माणसांच्या मागून पिशवी घेऊन निघालेली बाई, जिचा व्हिडिओ ती कोविड सेंटरला पोचायच्या आत सगळ्या गावाच्या मोबाइलवर असायचा. घरावर असे कागद चिकटवायची गरज नाही, सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश असेल तरच ते लावता येतील, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते डिसेंबर 2020 मध्ये. नऊ महिने उलटून गेले होते. शेजाऱ्याच्या दारावरचा कागद पाहिलेला माणूस स्वतःची तपासणी करायला सहज जाईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, आकड्यांकडे. इथे थोडं तपशिलात जायला हवं, कारण काळजी कमी होते ती मोजल्याने, आणि चुकीचं मोजलं तर ती दुपटीने वाढते.

ताप आधी. आपण ज्याला ताप म्हणतो त्याची सीमा तोंडात घेतलेल्या मापाला 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सियस. निरोगी माणसाचंही तापमान संध्याकाळी सकाळपेक्षा अर्धा-एक अंशाने वर असतं, त्यामुळे सायंकाळचे 99.4 पाहून हादरायचं कारण नाही. काखेतलं माप जिभेखालच्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी येतं. गरम चहा घेतल्यावर अर्धा तास थांबावं, जिभेखाली मागच्या बाजूला थर्मामीटर ठेवून ओठ मिटावेत, बीप वाजेपर्यंत बोलू नये. माप गोळी घेण्याआधी घ्यावं. पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने मापलेला ताप म्हणजे गोळीचं माप. आणि दुकानाच्या दारात कपाळासमोर धरायची ती बंदूक उन्हातून आलेल्या, घामाने निथळणाऱ्या माणसाच्या बाबतीत काहीही दाखवू शकते. शिवाय ज्याने गोळी घेतली आहे तो तिच्यासमोरून बिनबोभाट आत जातो. सकाळ-संध्याकाळ आणि अंग जास्त तापल्यासारखं वाटलं तेव्हा, एवढं मापणं पुरतं. वहीत तारीख, वेळ, आकडा, गोळी कधी घेतली, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात लक्षणांचा पहिला दिवस. डॉक्टरला दहा रिपोर्टांपेक्षा ही वही जास्त कामाची असते.

यानंतरचं माप कुणी फारसं शिकवलंच नाही, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. श्वास मोजणं. माणूस निवांत बसलेला किंवा पडलेला असताना त्याच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. त्याला सांगून मोजले तर तो नकळत श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मोजायचे. मोठ्या माणसाचे 12 ते 20 असतात. 24 किंवा त्याहून जास्त झाले तर केंद्राच्या उपचारनियमांनुसार आजार मध्यम गटात गेला, घरी थांबायचं नाही. 30 च्या पुढे गेले तर आजार गंभीर. ज्या घरात ऑक्सिमीटर नव्हता त्या घरातही घड्याळ होतं. हे एक माप टीव्हीवरून रोज दोन मिनिटं शिकवलं असतं, तर कितीतरी माणसं वेळेत निघाली असती असं मला मनापासून वाटतं.

ऑक्सिमीटरने भरवसा दिला आणि झोपही उडवली. रात्री तीन वाजता अंधारात बोटाला चिमटा लावावा आणि 91 दिसावं, यापेक्षा भयंकर क्षण नाही. अशा वेळी बहुतेकदा बोट थंडगार असतं, हात थरथरत असतो, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असतं, किंवा बॅटरी उतरलेली असते. यंत्र नखातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून आरपार किती येतो ते मोजतं. बोटात रक्त नीट फिरत नसेल तर त्याला मोजायलाच काही मिळत नाही. म्हणून पाच मिनिटं शांत बसायचं, तळवे एकमेकांवर घासून ऊब आणायची, हात छातीशी हृदयाच्या उंचीवर टेकवायचा, मधलं बोट किंवा तर्जनी पूर्ण आत घालायची आणि किमान एक मिनिट थांबायचं. आकडा आधी नाचतो. पाच सेकंद एका जागी ठरला की तो खरा. यंत्रावर दुसरा आकडा नाडीचा असतो. तो मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरायचा नाही. दुसऱ्या हाताच्या बोटावर, दुसऱ्या माणसाच्या बोटावर लावून बघायचं. एवढं करूनही 94 च्या खालीच राहिला तर सकाळची वाट बघायची नाही. आणखी एक, सावळ्या-काळ्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, हे 2020 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे आपल्याकडे 94-95 वर टेकलेला, धाप लागलेला माणूस फक्त आकड्यावर विसंबून घरी बसवणं धोक्याचं.

राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली, ती या सगळ्यात सर्वांत उपयोगाची होती. बसून ऑक्सिजन बघायचा, मग यंत्र बोटालाच ठेवून घरातल्या घरात सपाट फरशीवर, जिन्यावर नव्हे, सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालायचं आणि पुन्हा बघायचं. आकडा 93 च्या खाली गेला, 3 पेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा चालताना धाप लागली तर दवाखाना. एक-दोन अंकांचा फरक चालतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं. दमेकऱ्यांनी करूच नये, आणि बसल्या जागीच ज्यांचा आकडा कमी आहे त्यांनीही नाही. ही चाचणी चांगली का, तर या आजारात ऑक्सिजन उतरला तरी काही जणांना दम लागल्याचं जाणवतच नव्हतं. गप्पा मारत, पेपर वाचत बसलेल्या माणसाचा आकडा 85 निघायचा. फुप्फुसाची शिल्लक संपत आली आहे हे चालल्यावर उघडं पडतं.

याच्या उलट टोकाला असतो तो जीव घाबरा झालेला माणूस. त्याला श्वास पुरत नाही असं खरोखर वाटतं, छाती आवळते, धडधड होते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. "काही नाही, टेन्शन आहे" असं त्याला सांगणं क्रूरपणाचं आहे, कारण शरीरात घडत असतं ते खरंच असतं. तो भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मुंग्या येतात. घाबरण्याचा असा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचून अर्ध्या तासात ओसरतो, ऑक्सिजन 97-99 असतो, आणि एक मोठा उसासा टाकावासा वाटतो. न्यूमोनियाची धाप ओसरत नाही, चालल्यावर वाढते, वाक्य मधे तोडायला लावते. ऑक्सिमीटर इथे मोठा दिलासा देतो, पण दर दहा मिनिटांनी लावला तर तोच व्यसन होतो. दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी लावायचा आणि मधल्या वेळात ड्रॉवरमध्ये ठेवायचा. एक अपवाद मात्र पक्का: छातीत दाब, दुखणं खांद्याकडे-जबड्याकडे जाणं, घाम फुटणं हे हृदयविकाराचंही असू शकतं. घाबरला असेल म्हणून घरी बसायची ही वेळ नाही.

पावसाळ्यात गोंधळ आणखी वाढायचा. जून ते ऑक्टोबर हा आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचा (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) हंगाम. ताप आला की सगळं लक्ष घशाकडे आणि नाकाकडे, आणि चार दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यातून चालत आल्याचं डॉक्टरला कुणी सांगायचंच नाही. थंडी वाजून चढणारा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर पुरळ, पोटऱ्या प्रचंड दुखणं, लघवी पिवळीजर्द होणं यातलं काही असेल तर स्वॅबबरोबर रक्तही तपासायला हवं. नाक चोंदलेलं नसताना वास जाणं ही मात्र कोरोनाची बऱ्यापैकी खास खूण होती. केंद्राने ती लक्षणांच्या यादीत घातली 13 जून 2020 रोजी. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली की घरच्या घरी कळायचं.

तपासणीबद्दल तर दोन्ही बाजूंनी चुका झाल्या. मार्च 2020 मध्ये परदेशप्रवास किंवा रुग्णाशी संबंध असल्याशिवाय सहसा स्वॅबच घेत नव्हते. खासगी प्रयोगशाळेत 4,500 रुपयांपर्यंत दर आणि डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची. मुंबईत चिठ्ठीची अट गेली ती जुलैमध्ये. दर उतरत उतरत मार्च 2021 मध्ये 500 वर आला. मधल्या काळात माणूस तपासणीपर्यंत पोचला तरी तिचा अर्थ त्याला कुणी समजावला नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागायचे, कधी चौदाही. काल रुग्णाला भेटलेला माणूस आज स्वॅब देऊन निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ शून्य. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार लक्षणं सुरू झाली त्या दिवशी आरटीपीसीआर, म्हणजे स्वॅबची प्रयोगशाळेतली मुख्य तपासणी, सुमारे 38 टक्के बाधितांना चुकवत होती, आणि तीन दिवसांनी 20 टक्क्यांना. झटपट निकाल देणारी अँटिजेन तपासणी तर आणखी ढिली: आयसीएमआरच्याच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच) पडताळणीत तिने बाधितांपैकी 50.6 ते 84 टक्के ओळखले. म्हणून लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच, असा नियम होता. तो नियम कित्येक तपासणी केंद्रांच्या दारातच विरून जायचा, कारण निगेटिव्ह चिठ्ठी हातात पडली की माणूस ती घेऊन थेट कामावर.

मग आली 2021 ची लाट. 18 एप्रिलला राज्यात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. भीतीने आता दिशा बदलली होती. लपवण्याऐवजी लोक सगळंच करून घेऊ लागले. दुसऱ्या दिवशी एचआरसीटी म्हणजे छातीचा स्कॅन, शिवाय सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन या रक्ततपासण्या. "स्कोअर किती? पंचवीसपैकी आठ?" हा संवाद दहावीच्या निकालासारखा घरोघर चालला. सीटी व्हॅल्यू, म्हणजे आरटीपीसीआरच्या रिपोर्टातला एक आकडा, किती यावरून कोण किती आजारी ते ठरवू लागले, जेव्हा की घशातून काडी कशी फिरवली, नमुना किती वेळ पडून राहिला यानेही तो आकडा बदलतो, आणि आजाराच्या तीव्रतेशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही, असं आयसीएमआरने स्पष्ट केलेलं होतं. यात पैसा गेला हे दुःख आहेच. त्याहून वाईट झालं ते औषधांचं. स्टेरॉइडने जीव वाचतात हे जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं: रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, आणि ते ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांना. ज्यांना लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. इथे मात्र चौथ्या दिवशी ताप उतरत नाही म्हणून, ऑक्सिजन 97 असताना, स्टेरॉइड सुरू झालं. कुठे डॉक्टरनेच दिलं, कुठे शेजाऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवरून मेडिकलमधून आणलं. मधुमेहींची साखर तीनशे-चारशेवर गेली आणि त्यामागून म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, आला. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. ती माणसं काळजी घेत होती. काळजीला सीमारेषा आखून द्यायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही.

खरं तर सौम्य आजाराचा उपचार फार साधा होता. आराम, पाणी, तापाला पॅरासिटामॉल 650, तेही दिवसात चारपेक्षा जास्त नाही, आणि चार गोळ्यांनी आवरत नसेल तर डॉक्टरला फोन. पोटावर पालथं झोपणं. आणि दिवस मोजत राहणं. धाप, 94 खाली ऑक्सिजन, छातीत सतत दाब, बोलण्यात असंबद्धपणा किंवा माणूस उठवूनही नीट जागा न होणं, यातलं एक दिसलं की निघायचं. पानभर मजकूर आहे हा. रेशनच्या दुकानावर लावता आला असता.

दुसऱ्या प्रश्नाचं, फोनचं, उत्तर मुंबईने शोधलं, पण त्याआधी एक वेडंवाकडं वळण घेतलं. पॉझिटिव्ह कळताच लोक बेडसाठी सैरावैरा धावतात म्हणून जून 2020 मध्ये महापालिकेने प्रयोगशाळांना रिपोर्ट रुग्णाला न देता थेट पालिकेला द्यायला सांगितलं. हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याच्या नाकातून नमुना घेतला त्यालाच निकाल कळू न देणं हे भीतीवरचं औषध कसं ठरेल? सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात सांगितलं की रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला रिपोर्ट मिळायलाच हवा. त्यानंतर नीट बसलेली घडी मात्र वाखाणण्यासारखी होती. चोवीस वॉर्डांत चोवीस वॉर रूम, प्रत्येकीचा स्वतःचा फोन नंबर, फोनवर डॉक्टर, आणि रिपोर्ट आला की तिथूनच रुग्णाला फोन: धाप आहे का, साखर-बीपी आहे का, घरात स्वतंत्र खोली आणि संडास आहे का, बेड लागणार की घरीच राहायचं. रिपोर्टच्या पाठोपाठ माणसाचा आवाज यायचा. भीती तिथे उतरायची.

धारावीतही हेच घडलं, वेगळ्या मार्गाने. 1 एप्रिल 2020 ला पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आतली वस्ती, दहा बाय दहाच्या खोलीत सहा-आठ जण आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. इथे घरी अलग राहा हा सल्ला देण्यात अर्थच नव्हता. पालिकेने ज्यांचे दवाखाने त्याच गल्ल्यांत होते अशा खासगी डॉक्टरांना पीपीई किट दिले, त्यांचे दवाखाने निर्जंतुक करून दिले आणि पुन्हा उघडायला लावले. तापाच्या शिबिरांत लोक आले ते ओळखीच्या डॉक्टरसमोर. विलगीकरणात दोन वेळचं जेवण मिळत होतं, ज्या महिन्यांत बाहेर काम बंद होतं. 10 जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं ते उगीच नव्हे.

जेवणाचा मुद्दा मी मुद्दाम काढला, कारण तिसऱ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. ताप सांगितला की घरकाम करणाऱ्या बाईची चार घरं सुटतात, रिक्षावाल्याची शिफ्ट जाते, हमालाला खाडा पडतो. दहा-चौदा दिवसांचा खाडा. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतात, पण त्यासाठी कारखाना किंवा आस्थापना योजनेत असावी लागते, पगार 21,000 च्या आत असावा लागतो आणि वर्गणीचे दिवस भरलेले असावे लागतात. नाक्यावरच्या मजुराला यातलं काहीच लागू नाही. लॉकडाऊनमध्ये मालकांनी पूर्ण पगार द्यावा असा केंद्राचा आदेश 29 मार्च 2020 ला निघाला आणि मे महिन्यात संपलाही. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल सकाळच्या मजुरीवर पेटते, तो गोळी घेऊन, घामाला ऊन कारण सांगून कामावर जाणार. त्याला बेजबाबदार म्हणायचा हक्क, त्याचा खाडा भरून द्यायची तयारी नसलेल्या समाजाला नाही.

"माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम 15 सप्टेंबर 2020 ला सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघत होते. काम मोठं होतं आणि आशाताईंनी ते अपुऱ्या मानधनात, लोकांची बोलणी खात केलं. पण दारात उभं राहून "घरात कुणाला ताप आहे का?" विचारल्यावर मान हलवून नाही म्हणणाऱ्या बाईला काय दिलं आपण? हो म्हटल्यावर दोन आठवड्यांचं रेशन आणि निम्मी का होईना मजुरी मिळणार असती, नवऱ्याचा साहेब कामावरून काढणार नाही असा कागद मिळणार असता, दारावर काही चिकटणार नसतं, तर तिने खरं सांगितलं असतं. पुढची साथ येईल तेव्हा व्हेंटिलेटरांच्या आधी या तीन गोष्टींचा हिशेब प्रत्येक महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात मांडलेला असावा, एवढं माझं मागणं आहे. वॉर रूम बंद झाल्या, त्यांचे फोन नंबर बंद झाले. प्रत्येक वॉर्डात आणि तालुक्यात तापासाठी एक नंबर बारमाही चालू ठेवायला फार खर्च येत नाही, आणि डेंग्यूच्या दिवसांत तो रोज वापरला जाईल.

गिळलेल्या खोकल्याचा एक हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. 2019 मध्ये देशात क्षयरोगाचे सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले होते, 2020 मध्ये 18 लाख. क्षयरोग कमी झाला म्हणून आकडा उतरला नाही. दवाखाने बंद, गाड्या बंद, प्रयोगशाळांतली यंत्रं आणि माणसं कोविडच्या कामाला लागलेली, आणि खोकला सांगितला तर उचलून नेतील ही धास्ती. त्या वर्षी घरात दबलेला क्षय पुढे घरातल्या पोरांनाही होत राहिला असणार. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, रात्रीचा घाम, यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. पहिला नमुना तिथेच द्यायचा, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला. नुसती लाळ चालत नाही.